गॅस भरण्याआधी हवा तपासा

एसी नीट गार करेनासा झाला की पहिला संशय गॅसवर जातो. मेकॅनिक दाब मोजायचा गेज लावतो, थोडा गॅस सोडतो, आणि काही दिवसांत तक्रार पुन्हा जागच्या जागी. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता टॉप-अप मारणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पण बऱ्याचदा गॅस जिथल्या तिथे असतो, अडलेली असते ती हवा.

एसीचं काम उष्णता वाहून नेण्याचं. कूलिंगला तो ती खोलीतून उचलून बाहेर टाकतो, हीटिंगला बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. एक युनिट विजेवर साधारण तीन ते चार युनिट उष्णता इकडची तिकडे होते. तारेचा साधा हीटर एका युनिटमधून एकच देतो. हा फायदा टिकतो तो आतल्या (इनडोअर) आणि बाहेरच्या (आउटडोअर) युनिटमधल्या दोन्ही कॉइलवरून, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळ्यांवरून, भरपूर हवा वाहते तोवर.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. पाणी मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. पाणी साधं किंवा कोमट चालेल, 40 अंशांच्या वर नको, जाळीची फ्रेम वाकते. वाळवायचा सावलीत, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. ओलसर फिल्टर लावला की आठवड्याभरात बुरसट वास येतो.

फिल्टर लख्ख असूनही हवा मंद येत असेल तर इनडोअरच्या पट्ट्या उघडून टॉर्चने ब्लोअर, म्हणजे आतला लांबट पंखा, बघा. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. ब्लोअरची पाती किंचित खोलगट असतात आणि त्या खोलगट भागात धूळ ओलाव्याने चिकटून थर धरते. पंखा तेवढ्याच वेगाने फिरतो, आवाजही तेवढाच, पण हवा बरीच कमी फेकली जाते. वरवरच्या स्प्रेने हा थर निघत नाही. इनडोअरभोवती प्लास्टिकचं कव्हर बांधून, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) झाकून, पाण्याने पातं न् पातं धुवावं लागतं. सर्व्हिसला आलेल्या माणसाला हे काम स्पष्ट सांगून करून घ्या, नाहीतर फिल्टर आणि पुढचं कव्हर पुसून सर्व्हिस आटोपते.

हवा कमी की गॅस कमी, हे घरच्या घरी ओळखता येतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. फॅन हाय, तापमान सर्वांत कमी ठेवून एसी 15 मिनिटं चालवा. मग वर जिथून खोलीतली हवा आत खेचली जाते तिथलं तापमान आणि खाली झोतातलं तापमान मोजा. फरक 8 ते 12 अंश आला तर यंत्र ठीक. झोत जोरात पण फरक जेमतेम 4-5 अंश असेल तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघायला हवं. झोत अशक्त आणि फरक मात्र 14-15 अंश असेल तर हवा अडली आहे. खोलीत खूप दमटपणा असेल तर फरक थोडा कमी दिसणारच, कारण बरीच ताकद वाफेचं पाणी करण्यात जाते. अशा वेळी ड्रेनमधून (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपमधून) पाण्याची धार नीट वाहते का ते बघा.

बर्फही सांगतो. हवा अडली असेल तर सगळी कॉइल गोठते आणि इनडोअर-आउटडोअर जोडणाऱ्या दोन पाइपांपैकी जाड पाइपवरही बर्फ चढतो. गॅस कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागापुरताच बर्फ दिसतो, बाकीची कॉइल कोरडी, आणि आउटडोअरजवळ बारीक पाइपच्या जोडावर हिमाची पांढरी बुरी धरते. दोन्ही वेळी कूलिंग बंद करून दोन-तीन तास नुसता फॅन चालवा. बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका, कॉइलला भोक पडलं की खरोखरच गॅस जातो.

आउटडोअर मागून हवा ओढतो आणि पुढून गरम हवा फेकतो. समोर भिंत, पडदा किंवा दाट जाळी असेल तर तीच गरम हवा फिरून मागे येते, कॉम्प्रेसरवर दाब चढतो आणि वीज जास्त लागते. मागे वीतभर आणि पुढे किमान दोन-तीन फूट मोकळं हवंच. उन्हापासून सावली चांगली, पण त्यासाठी पेटीत बंद करण्यापेक्षा उन्हात उघडा असलेला बरा. धुताना आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा एसीचा मुख्य स्विच) बंद करा आणि साध्या नळीची हलकी धार वापरा. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या होतात आणि हवेची वाट बुजते. ब्रश मारायचा तो फिन्सच्या दिशेनेच, वरून खाली.

पाणी गळण्याचं कारण बहुतेक वेळा ड्रेनमध्ये साचलेला बुळबुळीत गाळ. पाइपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा, मध्ये झोळ नको, आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको, हवा कोंडते.

आता गॅसबद्दल. फरक कमी आहे, बर्फाची खूणही पटतेय, तर मेकॅनिकला बोलवाच, पण क्रम हा हवा: आधी साबणाच्या पाण्याने फ्लेअर नट (पाइप जोडणारे नट) तपासणं, मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघणं, गळती दुरुस्त करणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा उपसून 500 मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं एकक) खाली व्हॅक्यूम काढणं, पंप बंद करून 10-15 मिनिटं तो टिकतो का पाहणं, आणि शेवटी वजनकाट्यावर तोलून गॅस भरणं. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या लेबलवर छापलेलं असतं. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर मीटरमागे किती वाढवायचा तेही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळतं. इन्व्हर्टर एसीत, म्हणजे कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने चालवणाऱ्या एसीत, नुसत्या गेजवर गॅस भरणं चूकच, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो. व्हॅक्यूम न काढता गॅसच्या झोताने हवा हुसकावली तर ओल आत राहते. आर-410ए आणि आर-32 या गॅसच्या यंत्रांतलं तेल ती ओल शोषून आम्लधर्मी होतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खातं. आर-410ए हे मिश्रण असल्याने ते द्रवरूपातच भरायचं. आर-32 मंद का होईना पेट घेतो, काम करताना खिडक्या उघड्या हव्यात.

जाताना पाइपवरचं काळं इन्सुलेशनही बघून घ्या. स्प्लिट एसीत गॅसचं प्रसरण बहुधा आउटडोअरमध्येच होतं, म्हणून कूलिंगला बारीक पाइपही गार असतो. दोन्ही पाइप वेगवेगळे गुंडाळलेले हवेत, एकाच नळीत कोंबलेले नकोत.

हीटिंगला वापरत असाल तर एक गोष्ट माहीत असलेली बरी. बाहेरचं तापमान शून्य ते पाच अंश आणि हवा दमट असेल तेव्हा आउटडोअरच्या कॉइलवर हिम जमतं. ते वितळवायला यंत्र मधूनच उलटं, म्हणजे कूलिंगसारखं, चालतं: इनडोअरचा पंखा थांबतो, बाहेर वाफ निघते, खाली पाणी ठिबकतं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गरम हवा सुरू. हा बिघाड नाही. मात्र ते पाणी वाहून जायला वाट हवी, नाहीतर खालीच गोठून पंख्याला अडतं.

झोताची दिशाही महत्त्वाची. कूलिंगला पट्ट्या आडव्या, कारण गार हवा आपोआप खाली येते. हीटिंगला थेट जमिनीकडे. थर्मोस्टॅट उन्हाळ्यात 25-26 आणि सोबत छताचा पंखा मंद, हिवाळ्यात 20-21. लवकर गार व्हावं म्हणून 16 लावण्याचा उपयोग नाही. इन्व्हर्टर काही वेळ पूर्ण वेगाने धावेल, पण खोली हव्या त्या तापमानाच्या खाली गेल्यावरही तो धावतच राहतो. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, तीन मिनिटं जाऊ द्या, दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. खिडकी-दाराच्या फटी शोधायला पेटती उदबत्ती फटीजवळ धरा. धूर वाकडा झाला की तिथे रबराची पट्टी लावायची. ऊन येणाऱ्या खिडकीला बाहेरून सावली केली तर आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी फरक पडतो, कारण काचेतून आत आलेली उष्णता मग खोलीतच राहते.

मोसम संपला की एसी बंद करून सोडून देऊ नका. कोरड्या दिवशी दोन तास नुसता फॅन चालवा म्हणजे कॉइल आणि ट्रे वाळतात. मग फिल्टर धुऊन बसवा, रिमोटचे सेल काढा, एमसीबी पाडा. पुन्हा सुरू करायचा असेल तेव्हा एमसीबी काही तास आधी चढवून ठेवा. अनेक मॉडेल्समध्ये तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरचं तेल कोमट होतं आणि त्यात विरघळलेला गॅस सुटतो.