चुना न लागलेला मका

टेक्सासमधल्या एका टॉर्टिया कारखान्यात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांच्या, मी क्वालिटीचं काम बघते. त्या दिवशी सकाळी सहाला पोचले तर लाइन बंद. पट्ट्यावरच्या प्रत्येक टॉर्टियाच्या कडांना भेगा, उचलली की दोन तुकडे. थंड पाण्यात मळलेली मक्याची भाकरी जशी थापतानाच फुटते, तशी गत.

मी रजिस्टर उघडलं. उकळीचं तापमान बरोबर, रात्रीचं बारा तास भिजणं बरोबर. पिठातला ओलावा दोनदा मोजला, जात्याच्या दगडांमधली फट पाहिली. पाऊण तास यातच गेला.

तेवढ्यात धुण्याच्या टाकीवरच्या दोन्या आल्या. मूळच्या मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या, साठी ओलांडलेल्या. ‘दोन्या’ हे नाव नव्हे, आपल्याकडच्या ‘बाई’सारखं. त्यांनी टाकीतला एक दाणा उचलून चिमटीत चोळला, बोटांचा वास घेतला आणि दाणा माझ्यासमोर धरला. साल जशीच्या तशी.

“मिहा,” म्हणजे पोरी, “याला चुना लागलेलाच नाही.”

मराठीत चुना लावला की माणूस फसतो. आम्ही न लावल्यानं फसलो होतो. मग मी पाण्याचा पीएच मोजला. एरवी अकराच्या वर असतो, त्या दिवशी आठही भरला नाही. चुना सोडणारं यंत्र रात्री तुंबलं होतं आणि रकान्यात मात्र सवयीनं ‘बरोबर’ची खूण पडली होती. त्या रकान्याखाली सही माझीही असते.

मक्याच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का चुना. तेवढ्यानं साल सुटते, पीठ एकजीव होतं, आणि दाण्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. कॉलेजात मी हे ‘अल्कली प्रक्रिया’ म्हणून पाठ केलं होतं. कुणाची प्रक्रिया, ते पुस्तकात नव्हतं. ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर यासाठीची भांडी सापडलीत, इ.स.पू. १५००–१२०० च्या सुमाराची. असा चुन्यात शिजवून भिजवलेला मका म्हणजे ‘निश्तमाल’; हा शब्दही मेक्सिकोतल्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतला: ‘नेश्तली’ म्हणजे राख.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना इथेच राहिला. १७३५ मध्ये कासाल नावाच्या वैद्यानं स्पेनच्या आस्तुरियासमध्ये मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचा एक रोग नोंदवला. कातडी सोलवटणारा, पुढे बुद्धी भ्रमिष्ट करणारा पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडेही त्यानं हजारो माणसं मारली. नायसिनच्या कमतरतेवर बोट ठेवायला १९३७ साल उजाडलं.

तो घाणा गुरांच्या खाद्यात गेला. नवा शिजायला घालताना मी दोन्यांना विचारलं, “गावाकडे चुना संपला तर काय करायचात?”

“चुलीतली राख.”

“आणि राख संपली तर?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “रोज चूल पेटते त्या घरात राख संपेल कशी?”