ओशाळणे

आज दुसरीला 'ओशाळणे' हा शब्द शिकवला. धड्याच्या शेवटच्या ओळीत होता, गाळला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं.

फळ्यावर लिहिला तोच पहिल्या बाकावरून प्रश्न, "बाई, ओशाळा म्हणजे कुठली शाळा?" खूप हसलो. मग मी रीतसर सुरू. लाजायला चूक लागत नाही, कौतुक केलं तरी माणूस लाजतो. ओशाळायला आधी चूक लागते, आणि ती बघणारं कुणीतरी लागतं. (एकटा माणूसही ओशाळतो खरं तर, पण सात वर्षांच्या पोरांना एवढं पुरे.) वर करूनही दाखवलं. मान खाली, बोटात ओढणीचं टोक, ओठांवर उगाचच हसू.

एक हात वर झाला. "परवा साहेब आले तेव्हा बाई हसल्या होत्या, तसं."

दोन-तीन माना हलल्या. हो, तसंच. बस, एवढंच, पुढच्या शब्दाकडे वळलेसुद्धा सगळे. म्हणजे पाहिलं होतं सगळ्यांनी. मला वाटलं होतं, पोरं पाढे लिहितायत.

संध्याकाळपासून मनात त्याच्याशी भांडतेय. उदाहरण चूक आहे, बाळा. हजेरी बरोबर होती, साहेबच भलतं पान बघत होते. चूकच नाही तर ओशाळणं कसलं? त्याला अपमान म्हणतात. फार तर वरमल्या म्हण, आवाज खाली गेला होता माझा, कबूल. पण ते हसू? इतकी वर्षं नोकरी करून ते आपोआप कसं येतं तोंडावर? आईचंही असंच व्हायचं, बाबांसमोर... जाऊ दे.

मला लागलंय ते वेगळंच. त्याच्या लेखी बाई चुकल्याच होत्या. मोठ्या आवाजात बोलणारा बरोबर, गप्प बसणारा चुकलेला. हे कुणी शिकवलं त्याला? आत्ताच, शेवटच्या तासाला, वही आणली नाही म्हणून मी केवढ्यांदा ओरडले. कारणसुद्धा विचारलं नाही. तोही हसला होता तसाच, मान खाली घालून.

छान. शब्द पक्का झाला म्हणायचा.

आता वह्या तपासतेय. 'वाक्यात उपयोग करा.' 32 वह्या, त्यातल्या 11 वह्यांत एकच वाक्य: बाई ओशाळल्या. एकीने 'ओषाळल्या' लिहिलंय. तिथे लाल गोल केला. बाकी सगळ्यांना बरोबर दिलं.