दीड लिटरची केटल, कॉइल शाबूत

शनिवार, संध्याकाळ
खालच्या मजल्यावरच्या काकू स्टीलची केटल घेऊन आल्या. "अरे, बटण दाबते पण दिवाच लागत नाही. दुकानदार म्हणाला कॉइल गेली, नवीन घ्या." म्हटलं, "काकू, दोन दिवस राहू द्या माझ्याकडे. मोजून सांगतो."

दिवा लागत नाही, ही खूण मला महत्त्वाची वाटली. बहुतेक केटलमध्ये दिवा कॉइलला समांतर जोडलेला असतो. दिवा लागतोय पण पाणी थंडच, तर संशय कॉइलवर. दिवाच लागत नाही, तर वीज तिथवर पोचलेलीच नाही.

सगळं मोजमाप प्लग काढून. प्लगच्या पिनांपासून बेसच्या खाचांपर्यंत तिन्ही वायरींना मल्टिमीटरचा बीप आला, म्हणजे वाट कुठे तुटलेली नाही, बेस ठीक. केटल उलटी करून, बटण चालू ठेवून खालच्या संपर्कांवर मीटर लावला तर काहीच नाही. तळाच्या स्क्रूंची डोकी तीन पात्यांची निघाली, त्यासाठी वेगळं बिट लागतं. उघडल्यावर थेट कॉइलच्या टोकांवर ३५.६ ओहम रोध. १५०० वॉट आणि २३० व्होल्टला हिशेबाने ३५ च्या आसपासच यायला हवेत. कॉइल आणि स्टीलचं भांडं यांच्यात कुठेही जोड नाही. कॉइल शाबूत!

मग उरला कंट्रोल, म्हणजे केटल चालू-बंद करणारा तळाचा भाग. त्यात द्विधातूच्या, म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून केलेल्या, छोट्या वाटीसारख्या चकत्या असतात. तापल्या की 'टक्' करून उलट्या वळतात आणि संपर्क तोडतात. एक चकती पाणी संपल्यावर तळ भडकू नये म्हणून, दुसरी वाफेसाठी. पाणी उकळलं हे केटलला पाण्याच्या तापमानावरून कळत नाही, झाकणाजवळून मुठीतल्या वाटेने खाली येणाऱ्या वाफेवरून कळतं. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चकती १०० अंशांची वाट बघत बसली असती, तर केटल बंदच झाली नसती. या कंट्रोलमागचं मोठं नाव म्हणजे ब्रिटिश संशोधक जॉन टेलर. त्यांनीच केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजला २००८ साली इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनच्या स्मरणार्थ एक घड्याळ करून दिलं. आणि द्विधातूची पट्टी अठराव्या शतकात घड्याळासाठी बनवली ती याच हॅरिसनने. हे वाचल्यापासून केटल उघडताना मला वेगळाच आनंद होतो.

दोन्ही चकत्या ठीक होत्या. संपर्काचा एक चांदीचा ठिपका मात्र काळा पडून खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता.

रविवार
ठिपका जाड कागदाने घासला. कानस लावू नका, चांदीचा पातळ थर निघून जातो. केटल चालली, पण तिसऱ्या उकळीनंतर प्लास्टिकचा वास आला. पुन्हा मोजलं. मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा केला, तरी संपर्कात ०.८ ओहम उरले. साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे तीसेक वॉट त्या एवढ्याशा ठिपक्यात जळत होते. असली केटल मी कुणाच्या ओट्यावर परत ठेवणार नाही.

मंगळवार
तपकीर गल्लीत, आपल्या पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, जुना कंट्रोल हातात घेऊनच गेलो. दोन दुकानांत फक्त केटलमध्ये बसणारा वरचा भाग होता, बेसचा नव्हता. तो घेतला नाही, कारण बेसचा आणि केटलचा संपर्क एकमेकांना नीट बसला नाही तर तिथेच ठिणगी. तिसऱ्या दुकानात जोडी मिळाली. बसवताना चकतीखाली ट्रान्झिस्टरला लावतात ती पांढरी पेस्ट लावली, नाहीतर चकतीला तळाची उष्णता उशिरा कळते. अर्थिंग पुन्हा तपासलं. मग पाणी भरून केटल रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद कोरडा.

बुधवार
एक लिटर पाणी ४ मिनिटं ५ सेकंदांत उकळलं. हिशेबाने ३ मिनिटं २५ सेकंद येतात, बाकीची उष्णता भांड्यात आणि हवेत गेली. वास नाही.

काकूंना विचारलं, "केटल उचलताना बटण बंद झालेलं असतं ना?" त्या म्हणाल्या, "नाही रे, घाई असली की तशीच उचलते." काळ्या ठिपक्याचं उत्तर बहुधा मिळालं. चालू केटल उचलली की साडेसहा अँपिअर एकदम तुटतात आणि ठिणगी उडते. जुना कंट्रोल त्यांच्यासमोर ठेवून ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, आणि केटल घेऊन जाताना बटण बंद आहे ना, हे स्वतः दोनदा बघितलं.