मंडाले आणि इस्तंबूल

बुधवार. दिवसभर पावसाची पिरपिर. जयकर ग्रंथालयात जायचं रद्द केलं आणि जर्मन साहित्य-समीक्षक एरिश आउअरबाख घेऊन बसले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून जखमी झालेला हा माणूस. १९३५ मध्ये, ज्यू म्हणून, मारबुर्ग विद्यापीठातून त्याला काढलं. पुढच्या वर्षी तो इस्तंबूलला गेला आणि तिथेच १९४२ ते १९४५ या काळात त्याने ‘मिमेसिस’ लिहिलं, पाश्चात्त्य साहित्यात वास्तव कसं चितारलं जातं यावरचं पुस्तक.

सकाळभर पहिल्याच प्रकरणात अडकले होते. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस वेषांतर करून घरी परततो. म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरचा व्रण हाताने ओळखते, पाय सुटतो, परात कलंडते, पाणी सांडतं. पण नेमकं ओळख पटल्या क्षणी, पाय सुटायच्या आधीच, होमर त्या व्रणामागची रानडुकराच्या शिकारीची गोष्ट सांगायला लागतो! कीर्तनकार रंगात येऊन आडकथेत शिरतो ना, तस्साच. सगळं कसं लख्ख उजेडात. शेजारी आउअरबाख बायबलमधला अब्राहाम ठेवतो. मुलाचा बळी द्यायला निघालाय, तीन दिवसांची वाट, आणि त्या वाटेचं वर्णन जवळजवळ नाहीच. न सांगितलेलंच छातीवर बसतं. दोनच उताऱ्यांवर केवढी इमारत!

संध्याकाळी दादाचा फोन. सगळं ऐकून म्हणाला, “म्हणजे टिळकांचं मंडालेच झालं की.” पुण्यात कुणाच्याही हालअपेष्टांचा विषय निघाला की गाडी मंडालेला जाणारच. म्हटलं, टिळकांना तुरुंगात निदान पुस्तकं पोचत होती. आउअरबाखला हवी ती नियतकालिकं, नव्या आवृत्त्या मिळत नव्हत्या. मोठं ग्रंथालय हाताशी असतं तर कदाचित हे पुस्तक झालंच नसतं, असं तोच समारोपात म्हणतो. लोक नेमकं तेवढंच उचलतात आणि हद्दपारीचे गोडवे गातात. मला ते पटत नाही. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात त्याने कित्येक वर्षं नोकरी केली होती, ती शिदोरी कुठे गेली? त्याच समारोपात, जुने मित्र हयात असतील तर पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचावं, असंही लिहिलंय. ते मात्र फारसं कुणी उद्धृत करताना दिसत नाही.

१९४६ मध्ये बर्नला पुस्तक निघालं. वर्षभराने तो अमेरिकेला गेला, पुढे येल विद्यापीठात शिकवलं, १९५७ मध्ये वारला.

उद्या इटालियन कवी दान्तेचं प्रकरण. दान्तेवर त्याचं स्वतंत्र पुस्तक १९२९ मध्येच आलं होतं, इस्तंबूलच्या कितीतरी आधी. दादाला हे सांगायचं राहिलं.