मामांची किमो आणि गांजाचं तेल

आज मामांना किमोला घेऊन गेलो होतो, गंगापूर रोडला नेहमीचं ट्रॅफिक, आणि मामा अख्ख्या रस्त्यात एकच विचारत होते, अरे ते गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो म्हणे, खरं का? व्हॉट्सॲपवर आलेलं, दुसरं काय. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. हसले नाहीत, नीट सांगितलं हे विशेष. गांजात जे टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य असतं तेच लॅबमध्ये बनवून ड्रोनाबिनॉल नावाने अमेरिकेत १९८५ पासून किमोच्या उलट्यांवर देतात, आणि गंमत बघा, त्याच साली आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला न् गांजावर बंदी! पण गाठीचं म्हणाल तर लॅबमध्ये काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात, उंदरांमध्ये गाठ लहान होते, माणसाचा कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही. वर सीबीडी, म्हणजे गांजातलंच दुसरं द्रव्य, लिव्हरमध्ये बाकीच्या औषधांच्या आड येतं, म्हणून गुपचूप काही घेऊ नका म्हणाले. मामांचा चेहराच उतरला. मग उलटीची गोळी तेवढी बदलून दिली.

येताना म्हणतात, मिसळ खायची का? दोन महिन्यांनी स्वतःहून खायचं नाव काढलं राव. तर्री नको म्हटलं तर चिडले.