थांबलेला खोका

रात्री नऊला ॲनिमेशन व्हिडिओच्या क्लायंटचा फोन. “तो खोका थांबल्यावर पण हलतोय.” मी म्हटलं, नाही हो, थांबतो तो तिथे. “टीव्हीवर लावून बघा,” म्हणाले आणि ठेवला फोन.

बघितलं, तर खरंच होतं. खोका थोडा डावीकडून सरकत, उमटत येतो, मधोमध दोन सेकंद थांबतो, त्यावर मजकूर येतो, मग खोका वर सरकत विरून जातो. त्या दोन सेकंदांत तो हळूच उजवीकडे जायचा, जरासा खाली बसायचा आणि गुपचूप जागेवर यायचा. लॅपटॉपवर दहा वेळा पाहूनही माझ्या नजरेतून हे सुटलं होतं. एकदा दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडली. पोझिशनचे चार कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी खोका कुठे असेल त्या खुणा (आधी डावीकडून, मग वरून मोजलेलं अंतर): ८४०, ५४०, मग दोनदा ९६०, ५४०, शेवटी ९६०, ४२०. मधले दोन तंतोतंत सारखे, म्हणजे हलायचं कारणच नाही. पण प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरचा काटा, त्या दोघांच्या बरोबर मध्ये नेला की आकडा दाखवतोय ९६७.५, ५४७.५. मी डोळे चोळले.

पहिला संशय विगलवर, म्हणजे वस्तू थरथरवणाऱ्या एक्स्प्रेशनवर (छोट्या कोडवर). दुसऱ्या सीनमधलं एक्स्प्रेशन कॉपी-पेस्टमध्ये चिकटून आलं असेल. नव्हतं. मग ज्या नलला (न दिसणाऱ्या लेयरला) खोका पेरेंट केला होता, म्हणजे जोडला होता, तो तपासला, कोरा. अँकर पॉइंट, म्हणजे खोक्याची जागा जिथून मोजतात तो बिंदू, जागच्या जागी. शेवटी ईझी ईझवर, म्हणजे हालचाल सुरू होताना आणि थांबताना हळू करणाऱ्या सोयीवर, घसरलो. त्याची की एफ९, आणि ती दाबायची मला इतकी सवय आहे की कीफ्रेम दिसला की बोट आपसूक तिकडे जातं. ते काढून सगळं लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, केलं. खोका आता धक्का दिल्यासारखा यायला लागला, पण तरंगणं काही जाईना. तासभर असाच गेला.

शेजारी बसलेली ज्युनियर माझी चिडचिड ऐकत होती. “दादा, मोशन पाथ झूम करून बघितला का?”

मोशन पाथ म्हणजे खोक्याच्या वाटेची रेषा. झूम ८०० टक्क्यांवर नेला. खोक्याच्या मधल्या मुक्कामावर पाथला एक इवलासा फास पडला होता. उजवीकडे जाणारं एक हँडल (रेषा वाकवणारी दांडी), खालून येणारं दुसरं.

मी तासभर वेळेच्या मागे लागलो होतो आणि भानगड जागेत होती. एफ९ ठरवतो तो वेग. वस्तू कुठल्या रेषेवरून जाईल हे वेगळं इंटरपोलेशन (दोन कीफ्रेममधली जागा भरण्याची पद्धत) ठरवतं, आणि ते मुळातच ऑटो बेझिअर, म्हणजे आपोआप वळणदार, असतं. डावीकडून आलेली रेषा गुळगुळीत वळावी म्हणून सॉफ्टवेअर ती थांब्याच्या पुढे नेतं. मग पुढचा कीफ्रेम त्याच जागी आहे म्हणून परत आणतं. स्पीड ग्राफ उघडला असता तरी कळलं असतं: जिथे वेग शून्यावर चपटा हवा, तिथे टेंगूळ आलं होतं. पण ग्राफ कोण उघडतो, एफ९ आहे ना!

प्रेफरन्सेसमध्ये स्पेशिअल, म्हणजे जागेचं, इंटरपोलेशन लिनिअर (सरळ रेषेचं) करण्याची खूण केली. त्याने पुढचे कीफ्रेम सुधारतात, आधीचे नाही. म्हणून सगळे सीन उघडून, पोझिशनचे सगळे कीफ्रेम एकदम सिलेक्ट करून, कंट्रोल-ऑल्ट-के, स्पेशिअल लिनिअर. खोके खिळ्यासारखे उभे राहिले. रेंडर लावला, म्हणजे व्हिडिओ तयार व्हायला लावला, आणि खुर्चीतच मान टाकली.

“दादा, विमान!”

सहाव्या सीनमध्ये कागदी विमान गिरकी घेत जातं. ते मी दोन दिवस हँडल ओढून ओढून बसवलं होतं. घाऊक दुरुस्तीत त्याच्याही रेषा सरळ झाल्या, आणि विमान आता बुद्धिबळातल्या उंटासारखं कोपऱ्याकोपऱ्यातून चाललं होतं. फाइल सेव्ह करून बंद केलेली, त्यामुळे अनडू नाही. ऑटो-सेव्हच्या फोल्डरमध्ये अकरा वाजताची प्रत सापडली. त्यातून विमानाचा पोझिशन उचलून चिकटवला. तेवढा सीन पुन्हा रेंडर केला, टीव्हीवर तिने एकदा आणि मी तीनदा बघितला. पावणेचारला फाइल गेली.