मिरजेचं मरिज होऊ नये म्हणून: तीन लॅपटॉप, एक गेम आणि सातारा-सांगली

एक लॅपटॉप उबुंटू लिनक्सचा, एक मॅक, एक विंडोज ११ चा. बेत साधा: शनिवारी साताऱ्याहून कोयना एक्सप्रेस धरायची, सांगलीत उतरून तिन्हींवर ओपनटीटीडी (गाड्या-रस्त्यांचं जाळं उभारायचा गेम) सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करायचा आणि रविवारी एकाच नेटवर्कवर खेळायचा. नुसतं खेळायचंच असेल तर या भानगडीत पडू नका, अधिकृत साइटवर तयार इन्स्टॉलर आहेत. कोडमध्ये हात घालायचा असेल तर पुढे वाचा.

साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. तेवढा वेळ धरून निघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळी डाउनलोडं घरीच उरका. गाडीत मोबाइलच्या नेटवर क्लोन मारू, म्हणजे सोर्सची प्रत उतरवू, म्हणाल तर भिलवडी येईपर्यंत टक्केवारी बघत बसाल.

तिन्ही मशीनवर सोर्स एकाच टॅगचा, म्हणजे एकाच आवृत्तीचा हवा. इथे १४.१ घेतला, तो मे २०२४ चा. गिटहबवरची सोर्सची झिप उतरवू नका. त्यात गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहास नसतो, मग बिल्डला स्वतःची आवृत्ती कळत नाही, आणि आवृत्ती जुळली नाही की सर्व्हर आत घेत नाही. गिट क्लोनच करा. ब्रँच म्हणून १४.१ आणि डेप्थ १ (जुना इतिहास सोडून फक्त शेवटची नोंद) दिलीत तर डेटाही वाचतो.

उबुंटूपासून सुरुवात करावी, तिथे त्रास सर्वांत कमी. बिल्ड-इसेन्शियल, सीमेक (लायब्रऱ्या शोधून बिल्डची तयारी करणारं साधन), पीकेजी-कॉन्फिग, आणि डेव्ह पॅकेजं या लायब्रऱ्यांची: एसडीएल २, झेडलिब, एलझेडएमए, पीएनजी, एलझेडओ, कर्ल, फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग, आयसीयू, हार्फबझ. कंपायलरला सी प्लस प्लस २० यायला हवं. उबुंटू २०.०४ सोबतचा जीसीसी ९ त्यात कच्चा आहे, २२.०४ चा जीसीसी ११ चालतो.

सोर्समध्ये बिल्ड नावाचं फोल्डर करा, त्यात जाऊन सीमेक चालवा आणि लगेच मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) मारू नका. सीमेकने काय सापडलं, काय नाही याची जी लांबलचक यादी ओतली ती वाचा. बऱ्याच लायब्रऱ्या नसल्या तरी बिल्ड बिनतक्रार होतो आणि फटका नंतर बसतो. एलझेडएमए नसेल तर अलीकडच्या सेव्ह केलेल्या बहुतेक फाइली उघडत नाहीत, झेडलिब नसेल तर जुन्या उघडत नाहीत. पॅकेज नंतर टाकलंत तर बिल्ड फोल्डर अख्खं उडवून पुन्हा सीमेक चालवा. ‘सापडलं नाही’ हे उत्तर त्याच्या कॅशमध्ये राहून जातं. आणि बिल्ड टाइप ‘रेल-विथ-डेब-इन्फो’ द्या. काहीच दिलं नाही तर डीबग बिल्ड होतो आणि मोठ्या नकाशावर गाड्या बैलगाडीसारख्या चालतात.

मेकला जे हा पर्याय (एका वेळी किती कामं चालवायची तो आकडा) देताना कोर मोजा, तशी रॅमही मोजा. ४ जीबीच्या मशीनवर २ च्या वर जाऊ नका. मध्येच ‘किल्ड’ म्हणून कंपायलर मेला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, मेमरी संपलेली असते.

मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स आणि होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून सीमेक, पीकेजी-कॉन्फिग, एक्सझेड, एलझेडओ, पीएनजी. बाकी पायऱ्या त्याच. एम मालिकेच्या मॅकवर टर्मिनल रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्राम चालवणारी अ‍ॅपलची सोय) उघडलेलं नाही ना, एवढं पाहा. नाहीतर इंटेलच्या आणि आर्मच्या लायब्रऱ्यांची खिचडी होऊन लिंकर शेवटच्या पायरीवर नाही म्हणतो.

खरा घाट विंडोजचा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची कम्युनिटी आवृत्ती पुरते, पण ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ यावर टिक हवीच, आणि ते प्रकरण काही जीबींचं आहे. मग व्हीसीपीकेजी, म्हणजे लायब्रऱ्या आणून देणारं मायक्रोसॉफ्टचं साधन. गेमचा सोर्स डेप्थ १ ने उतरवला म्हणून हेही तसंच उतरवू नका. लायब्ररीची नेमकी आवृत्ती काढायला त्याला स्वतःचा पूर्ण इतिहास लागतो, नाहीतर ‘शॅलो रिपॉझिटरी’ म्हणून थांबतं. ट्रिपलेट (लायब्रऱ्या कोणत्या प्रोसेसर-सिस्टीमसाठी आणि कशा बिल्ड करायच्या ते सांगणारं नाव) एक्स६४-विंडोज-स्टॅटिक ठेवा आणि सीमेकला तोच ट्रिपलेट व व्हीसीपीकेजीची टूलचेन फाइल दाखवा. दोन्हीकडे वेगळा ट्रिपलेट पडला तर लायब्रऱ्या डिस्कवर असून सीमेकला सापडत नाहीत. पहिल्या वेळी व्हीसीपीकेजी प्रत्येक लायब्ररी स्वतः बिल्ड करतं, तेव्हा ही पायरी आदल्या रात्रीच संपवावी. सगळं सी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवा. डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर हजारो फाइली सिंक होत राहतात, आणि लांबलचक पाथ २६० अक्षरांच्या मर्यादेला धडकतो.

बिल्ड झाला तरी गेमला चित्रं लागतात. ओपनजीएफएक्स हा मोफत चित्रसंच नसेल तर पहिल्यांदा उघडताना तो नेटवरून उतरवायचं विचारतो. लिनक्सवर त्यासाठीच कर्ल. नेट नसेल तर आधी उतरवलेल्या झिपमधली टार फाइल बेससेट फोल्डरात टाका. टार उलगडू नका, गेम ती तशीच वाचतो.

आता मराठी नावं. नकाशावर सातारा, कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज अशी खरी लाइन मांडायची तर गावांची नावं बदलता येतात, पण गेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तिथे प्रश्नचिन्हं दिसतात. कॉन्फिग फाइलमध्ये स्मॉल, मीडियम आणि लार्ज फॉन्टला नोटो सान्स देवनागरी द्या. लिनक्सवर तेवढ्याने भागत नाही: आयसीयू आणि हार्फबझ दोन्ही बिल्डमध्ये असतील तरच अक्षरं नीट जुळतात. तपासायला ‘सातारा’ लिहू नका, ते तसंही बरोबर दिसतं. ‘मिरज’ लिहा. ऱ्हस्व वेलांटी म च्या मागे पडून ‘मरिज’ वाचता आलं की समजा, दोहोंपैकी एक राहिलं. पुन्हा सीमेकची यादी वाचा. विंडोज आणि मॅक हे काम स्वतःच्या यंत्रणेवर सोडतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

नेटवर्कसाठी पोर्ट ३९७९, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. विंडोजने वाय-फायला ‘पब्लिक’ ठरवलं असेल तर फायरवॉल आलेली जोडणी गपचूप अडवते. सर्व्हर विंडोजवर असेल तर आधी तेच बघा. काही हॉटस्पॉट जोडलेल्या मशीनना एकमेकांशी बोलूच देत नाहीत, तिथे सर्व्हर यादीत येत नाही आणि आयपी टाकूनही जोडला जात नाही. एक साधा राउटर बॅगेत असू द्या. भडंगाची पुडी त्याच बॅगेत ठेवायला हरकत नाही, फक्त कीबोर्डजवळ उघडू नका.